पिवळा दिवा

दिवाळीत घरोघर दिवे लागले की मन कसे प्रसन्न होते! आमच्या घरी यंदा एक दिवा महिनाभर आधीच लागला, आणि कोणाचेच मन प्रसन्न झाले नाही. हा दिवा मोटारीतला. पुण्याहून परतताना शिरूर मागे पडले, आणि वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, तो नगर आले तरी विझेना.

नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. २०२४ साली नाव बदलले. आमची जीभ अजून बदलायची आहे. तसे हे गाव वाहनांचेच. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था इथली, रणगाड्यांचे संग्रहालयही इथलेच. पण शेजारी रणगाडे असले म्हणून आपल्या मोटारीचे दुखणे थोडेच कळते?

एका गॅरेजात गेलो. तिथल्या तरुणाने स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र अडकवले, पी ०१७१ असा आकडा वाचला आणि निकाल दिला, "काका, सेन्सर गेला." चार हजार आठशे रुपये मोजले. दिवा विझला. पाचव्या दिवशी पुन्हा हजर! आता तो म्हणाला, "मग पेट्रोलचा पंप बदलून पाहू." पंपाची किंमत ऐकून सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसते पाहिले. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतूनच ते चार हजार आठशे गेले होते.

रात्री जेवताना कन्या म्हणाली, "बाबा, तसलं यंत्र आपणच घेतलं तर?"

मग शोध सुरू झाला. ती खाच म्हणजे काही एका कंपनीची मेहेरबानी नव्हे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत ही सोळा टोकांची एकसारखी खाच सक्तीची झाली. हेतू हा की, धूर बिघडला तर गाडीनेच तसे सांगावे. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून 'भारत स्टेज चार'च्या मोटारींना तिची दुसरी पायरी लागू झाली, आणि हे स्टेज साऱ्या देशाला लागले ते २०१७ च्या एप्रिलपासून. तेव्हा गाडी त्याआधीची असेल, तर आपल्या गाडीशी यंत्र बोलेल की नाही, हे विचारूनच पैसे द्यावेत.

यंत्रे मुख्यतः तीन तऱ्हांची. पहिले काडेपेटीएवढे, खाचेत बसते आणि ब्लूटूथने मोबाईलवर मजकूर पाठवते. दुसरे हातात धरायचे, स्वतःचा पडदा असलेले. तिसरे गॅरेजवाल्यांचे, ते महाग, पण ब्रेकचे एबीएस, एअरबॅग यांचीही विचारपूस करते. स्वस्त यंत्राला बहुधा इंजिनापलीकडचे कळत नाही. आकड्यातही खूण असते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर. त्यापुढे शून्य असेल तर तो आकडा सर्व कंपन्यांना समान; एक असेल तर कंपनीचा खासगी, आणि तिथे साधे यंत्र अडखळते. आयफोन असेल तर यंत्र त्याच्याशी जुळते का, तेही पाहावे. पुष्कळ स्वस्त ब्लूटूथ यंत्रे जुळत नाहीत.

पण दुकानात विचारायचा खरा प्रश्न निराळाच. "इंजिन चालू असताना चालू आकडे दाखवते का?" नुसता दोषाचा आकडा वाचणारे यंत्र दहा पैकी पाचच गुणांचे. कारण पी ०१७१ चा अर्थ 'सेन्सर बदला' असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की, इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. तापमापक ताप सांगतो. मलेरिया की टायफॉईड, ते सांगत नाही.

आम्ही पहिल्या तऱ्हेचे, पण चालू आकडे दाखवणारे यंत्र घेतले आणि ते घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून मोबाईल पाहिला. गाडी जागेवर नुसती सुरू असताना इंजिनाचा संगणक नेहमीपेक्षा चोवीस टक्के जादा पेट्रोल ओतत होता. फेरे अडीच हजारांवर नेले तसा तोच आकडा सहावर आला.

"पंप थकला असता साहेब, तर जोर दिल्यावर हा आकडा चढला असता," मिस्त्री म्हणाले. "इथं उतरतोय. म्हणजे कुठून तरी चोरून हवा शिरतीय. गाडी जागेवर असते तेव्हा ओढ जास्त आणि एकूण हवा थोडी, म्हणून चोरी तेव्हाच मोठी दिसते."

मग ते इंजिनावर वाकले, कान दिला आणि मागच्या बाजूची एक रबरी नळी चिमटीत दाबली. फुसफुस थांबली. नळी चिरली होती. मजुरीसकट दोनशे वीस रुपये!

"आणि तो जुना सेन्सर?" मी विचारले.

"तो बिचारा खरंच सांगत होता, साहेब."

ज्यांना यंत्र घ्यायचे असेल त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. मिस्त्रींना दाखवण्याआधी आकडा पुसू नये; पुसला की दिवा विझतो, पण दोष उद्भवला त्या क्षणाची गाडीने ठेवलेली नोंदही जाते. आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर यंत्राची वाट न पाहता गाडी बाजूला घ्यावी. तेव्हा इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसते, आणि धूर शुद्ध करणारा महाग भाग जळून जाऊ शकतो.

सासूबाईंचे ऑपरेशन ठरल्या तिथीलाच, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आहे. त्यांना मोटारीतूनच नेणार आहोत. वेगाच्या काट्याशेजारी सध्या अंधार आहे. यंदाच्या दिवाळीत आम्हांला तेवढा एकच अंधार हवासा वाटतो.