निनावीपणाची मदार कोणावर?

इंटरनेटवर आपली ओळख झाकण्यासाठी जो मुखवटा विकत घेतो, त्याने एक प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे: मुखवटा विकणाऱ्यापासून आपला चेहरा कोण झाकणार? ‘व्हीपीएन’ची सेवा ग्राहकाच्या हालचाली इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून लपविते खरी, पण त्या पाहण्याची सोय स्वतः सेवाचालकास आपसूकच लाभते. विश्वासाचा धनी तेवढा बदलतो! स्वित्झर्लंडमधील ‘प्रोटॉन’ या ई-मेल सेवेची ख्याती खासगीपणाबद्दलच आहे. तिलाही २०२१ साली स्विस अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून एका फ्रेंच पर्यावरण-कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. कंपनीने कायदा पाळला. चूक झाली ती जाहिरातीस अभयपत्र समजणाऱ्यांची.

‘टॉर’विषयीचा संशय निराळा आहे. तिचा उगम अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेतला आणि दीर्घकाळ पैसा अमेरिकी सरकारचा. मग तिच्यावर विसंबावे कसे? शंका रास्त आहे. पण उत्तरही आहे. केवळ नौदलानेच ती वापरली असती, तर प्रत्येक वापरणारा नौदलाचाच ठरला असता. लपण्यासाठी गर्दी हवी, म्हणून ती सर्वांस खुली झाली. तिची संगणकीय संहिताही कोणासही तपासता येते. संदेश तीन टप्प्यांनी जातो. पहिल्यास पाठविणारा कळतो, शेवटच्यास मुक्काम कळतो, दोन्ही एकास कळत नाहीत. अर्थात जो दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाळत ठेवू शकतो, त्याच्यापुढे हे कवच अपुरे पडते. आणि आत शिरून स्वतःच्याच नावाने खाते उघडणाऱ्यास तर कोणतेच कवच वाचवू शकत नाही.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व आयपी पत्ते पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला. त्यावर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलविले. गुन्हेगार मुखवट्याआड लपतात, हे सरकारचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. परंतु मूठभरांच्या शोधासाठी सर्वांचीच नोंदवही भरून ठेवणे, हा न्याय कोणता? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणास मूलभूत हक्क मानले आहे. त्या निर्णयाची बूज राखावयाची, तर संशयितापुरता आणि न्यायालयाच्या अनुज्ञेनेच नोंदींचा हुकूम निघाला पाहिजे. नागरिकाने मुखवटा पारखून घ्यावा, हे खरे. पण तो घालणारा प्रत्येक जण चोर आहे, असे धरून चालण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला?