‘व्हीआय’ परदेशी हातात जाणार? सीमेच्या दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवावं असा सौदा

रावपुरा (वडोदरा), नोव्हेंबर २०२५ : इथल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तुमचा मोबाइल नंबर कुठल्या कंपनीचा? बऱ्याच घरांत उत्तर असं येईल : आधी सेलफोर्स, मग हच, मग व्होडाफोन, आता व्हीआय. नंबर तोच, पाटी चौथी. आता पाचवी पाटी लागणार का, असा प्रश्न पुन्हा आला आहे.

अमेरिकेतली टिलमन ग्लोबल होल्डिंग्ज ही कंपनी व्होडाफोन आयडियात ४ ते ६ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण ३५ ते ५३ हजार कोटी रुपये, घालून कारभार हाती घेण्याच्या बोलणीत असल्याच्या बातम्या या महिन्यात आल्या आहेत. सौदा झालेला नाही. बातम्यांमध्ये एक अटही सांगितली आहे : केंद्र सरकारने आधी थकबाकीचा प्रश्न मिटवावा, मग पैसे. सगळी मेख या अटीत आहे.

कर्ज कुणाचं, दुकान कुणाचं?

हे दुकान आज मुख्यत्वे कुणाचं आहे ते आधी पाहू. व्होडाफोन आणि आयडिया यांचं विलीनीकरण ३१ ऑगस्ट २०१८ रोजी पूर्ण झालं, तेव्हा ४० कोटींहून जास्त ग्राहकांची ती देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी होती. आज ग्राहक २० कोटींच्या आत आहेत. निम्म्याहून जास्त माणसं सात वर्षांत निघून गेली.

याची कारणं दोन. पहिलं जिओ. ५ सप्टेंबर २०१६ ला फुकट कॉल आणि स्वस्त डेटा घेऊन ती आली आणि जुन्या कंपन्यांचं गणितच मोडलं. दुसरं एजीआर. कंपनीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा सरकारला द्यायचा असतो. पण उत्पन्न म्हणजे फक्त कॉल-डेटाचे पैसे, की भाडं, व्याज, भंगार विक्री हेही त्यात धरायचं? हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. मागच्या सगळ्या वर्षांची बाकी, त्यावर व्याज, दंड आणि दंडावरही व्याज! त्या एका तिमाहीत कंपनीने जवळपास ५१ हजार कोटींचा तोटा दाखवला.

स्पेक्ट्रमचे हप्ते धरले तर सरकारचं एकूण येणं दोन लाख कोटींच्या घरात आहे. ते फेडता येईना म्हणून सरकारने बाकीच्या बदल्यात शेअर घेतले. आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये, मग यंदा एप्रिलमध्ये आणखी ३६,९५० कोटींचे. आता ४८.९९ टक्के हिस्सा केंद्र सरकारचा आहे. ब्रिटनच्या व्होडाफोनकडे १६ टक्क्यांच्या आसपास, बिर्ला समूहाकडे साडेनऊ. कारभार मात्र अजून या दोघांकडेच.

म्हणजे बघा, सर्वांत मोठा धनको सरकार आणि सर्वांत मोठा भागीदारही सरकारच. परदेशी कंपनी आली तर बोलणी नावाला बिर्लांशी होतील, पण खरा सौदा दिल्लीशी होईल. येणारे पैसे थकबाकीच्या पाव हिश्शाएवढे. बाकीचं माफ करायचं की पुढे ढकलायचं, हे सरकार ठरवणार; आणि सरकारचा पैसा म्हणजे शेवटी तुमचा-आमचाच. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरच्या आदेशांनी सरकारला या बाकीचा फेरविचार करायला मोकळीक दिली आहे. नेमक्या त्याच सुमाराला परदेशी गुंतवणूकदाराचं नाव पुढे यावं, यात नवल नाही.

परदेशी पाहुणे आपण पाहिले आहेत

गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही सर्कलना परदेशी भांडवल नवं नाही. नव्वदच्या दशकात दोन्हीकडे बिर्ला एटी अँड टी होती, त्यातला एटी अँड टीचा भाग अमेरिकेचा. तीच पुढे आयडिया झाली. गुजरातची सेलफोर्स २००० मध्ये हाँगकाँगच्या हचिसनकडे गेली. २००७ मध्ये व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून हचिसनचा भारतातला धंदा घेतला. त्या व्यवहारावरच्या कराचं भांडण सर्वोच्च न्यायालयात व्होडाफोनने २०१२ मध्ये जिंकलं, सरकारने त्याच वर्षी मागच्या तारखेपासून कायदा बदलला, आणि तो कर मागे घ्यायला २०२१ उजाडलं.

नॉर्वेच्या टेलिनॉरने युनिटेकबरोबर ‘युनिनॉर’ काढली. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यात तिचेही गेले. लिलावात पुन्हा पैसे भरून ती गुजरात, महाराष्ट्रासह मोजक्या सर्कलमध्ये टिकली आणि २०१८ मध्ये एअरटेलमध्ये विरघळली. मलेशियाच्या मॅक्सिसची एअरसेल तर ३० जानेवारी २०१८ ला गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे बंदच झाली, आणि महिन्याभरात सगळी कंपनीच दिवाळखोरीत गेली. तिच्या ग्राहकांची नंबर वाचवायला झालेली धावपळ अनेकांना आठवत असेल.

यावरून ‘परदेशी कंपनी वाईट’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. यातल्या बहुतेकांनी पैसा आणला, टॉवर उभे केले, दर खाली आणले. त्यांचं गणित बिघडवण्यात स्पर्धेचा हात होताच, पण मधेच बदलणाऱ्या सरकारी नियमांचाही होता. नवा पाहुणा ‘आधी हिशेब साफ करा’ म्हणतो, ते या अनुभवातूनच. कायद्याची आडकाठी त्याला फारशी नाही. दूरसंचार क्षेत्रात १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला २०२१ पासून थेट मार्गाने परवानगी आहे, अपवाद शेजारी देशांतून येणाऱ्या पैशाचा.

आपलं काय?

ग्राहकाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न असा : खासगी कंपन्या तीन राहणार की दोन? जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. तीन असताना ही गत, तर दोनच राहिल्यावर रिचार्जचा आकडा कुठे जाईल? बीएसएनएल आहे, पण ४जीसाठीच तिला इतकी वर्षं लागली. व्हीआयने यंदा मार्चमध्ये मुंबईतून ५जी सुरू केलं, पुढच्या शहरांच्या यादीत वडोदराही होतं. पण जिओ आणि एअरटेल यांच्यामागे ती अडीच वर्षं आहे. हे अंतर पैशाशिवाय भरून निघणार नाही. त्यामुळे भांडवल कुठून का येईना, ते यावं हे आपल्या हिताचंच. मात्र त्यासाठी बाकीत सूट द्यायची तर सरकारने बदल्यात काय मिळवलं, किती वर्षं टिकण्याची आणि किती गुंतवणुकीची हमी घेतली, हे जाहीर व्हायला हवं.

सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी घरांना याचा अर्थ जरा जास्त कळतो. पूर्वी नवापूर स्टेशनात फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं की राज्य बदलायचं आणि फोन रोमिंगवर जायचा. लेक नंदुरबारला, आई रावपुऱ्यात, तर बोलणं घड्याळ बघून. रोमिंगची ती भीती गेली ती कंपन्यांच्या चढाओढीने. चढाओढ संपली की असल्या सवलती टिकतातच असं नाही.

तूर्त घाबरून नंबर बदलायची गरज नाही. मालक बदलला तरी सिम चालू राहतं, हे सेलफोर्सपासून आपण पाहतो आहोत. काळजी घ्यायची ती इतकीच : बँक आणि आधार एकाच नंबरला जोडलेले असतील तर त्या कंपनीच्या बातम्यांवर नजर ठेवा, आणि वर्षभराचं मोठं रिचार्ज करताना दोनदा विचार करा, कारण पोर्ट केल्यावर उरलेला बॅलन्स सोबत येत नाही. पोर्ट करायचंच ठरलं तर १९०० वर मेसेज करून मिळणारा कोड बहुतेक ठिकाणी चारच दिवस चालतो. गुजरातचा नंबर महाराष्ट्रात, किंवा उलट, नेता येतो. २०१५ पासून ती सोय आहे.

आणि ज्यांनी एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपयांनी शेअर घेतले, त्यांनी बातमीच्या मथळ्यावर आणखी खरेदी करू नये. नियंत्रण बदललं तर इतर भागधारकांना ओपन ऑफर द्यायचा सेबीचा नियम आहे, पण त्यातून सूटही मिळू शकते. यंदा सरकारला ती मिळालीच होती.

पाचवी पाटी लागेल की नाही, हे दिल्लीत ठरेल. ती लागलीच, तर तिच्यावरचं नाव नंतर वाचू. आधी खालच्या अटी वाचायला मागू या.