रंग पाहून मासा घेऊ नये

आमच्या पुतण्याने ५०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी घेतली आणि सुरुवातीलाच तीन निळेजर्द डॅमसेल आणून सोडले. स्वस्त, चिवट, दिसायला देखणे! पण हा मासा एकदा खडकाचा कोपरा धरून बसला की मागून येणाऱ्याला जगू देत नाही. त्याला बाहेर काढायचे तर सगळे खडक उपसावे लागतात.

म्हणून आधी माशांविना महिना-दीड महिना टाकी चालवावी. पाण्यातला अमोनिया व नायट्राइट शून्यावर येऊ द्यावा. मग गोबी, क्लाऊनफिशची जोडी असे शांत मासे सोडावेत. पिवळा टँग सर्वांत शेवटी, आणि तोही एकच. दोन असले की शेपटीजवळच्या काट्याने एकमेकांना जखमी करतात. लायनफिश रुबाबदार खरा, पण तोंडात मावेल तो शेजारी गिळतो.

मँडरिनच्या रंगांना मात्र भुलू नका. तो खडकावरचे बारीक जीव टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो.

पुतण्याने परवा रविवारी खडक उपसले. तीनपैकी दोनच डॅमसेल हाती लागले.