गिधाडे गेली, माणसेही दगावली

आजारी गुराला टोचलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याच्या मढ्यातून गिधाडाच्या पोटात जाते. मूत्रपिंडे निकामी होतात. काळीज-यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर साचतो. पाकिस्तानातील संशोधनातून २००४ मध्ये हे उघड झाले.

तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती. उघड्यावरच्या मढ्यांवर भटकी कुत्री पोसली, रेबीजचा धोका वाढला. २००० ते २००५ दरम्यान गिधाडांअभावी सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी मांडला आहे.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. गुरांचे प्रत्येक नवे वेदनाशामक विक्रीपूर्वी गिधाडांसाठी तपासणे सरकारने सक्तीचे करावे.