शिक्क्याचा पाना आणि मापाचा पाना

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत हल्ली एक नवा सोस बोकाळला आहे. डिकीतल्या हत्यारांच्या गुंडाळीत त्याच काळचे, त्याच कारखान्याचे पाने हवेत. ब्रेक लागतात की नाही हे नंतर, आधी पान्यावरची अक्षरं. मी या सोसाच्या विरोधात आहे आणि आज जरा तोंड उघडून बोलणार आहे, कारण हे खूळ आता भिलाईच्या सेक्टर 2 पर्यंत पोचलंय.

तिथे माझे मामेसासरे राहतात. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि दारात 1968 सालची अँबेसेडर मार्क टू. सध्या माझं पोस्टिंग रायपूरला, त्यामुळे रविवारी चक्कर होते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हीए' अक्षरांच्या नंबराने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नकोत, एवढीच मुख्य अट. मामांना ती नोंदणी करायची आहे. तेवढ्यात एका दलालाने त्यांच्या कानात भरवलं की 'ओरिजिनल टूल किट' नसेल तर गाडी अर्धीच. किटची किंमत चार नव्या टायरांएवढी. आणि मामांच्या गाडीला खरी गरज टायरांचीच आहे!

दलालाने आणलेली गुंडाळी मी पाहिली. कापड जुनं, पाने काळपट, प्रत्येकावर इंग्लिश कारखान्याचं नाव. पण अक्षरांच्या कडा कालच ठोकल्यासारख्या धारदार, आणि एका पान्यावरचा आकडा कानस मारून घालवलेला. मामांनी व्हर्नियर लावला. तोंड बरोबर 13 मिलिमीटर. अँबेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश, बीएमसीचं. त्यातले आटे आणि नट इंचातले. म्हणजे नाव अस्सल, आणि पाना त्या गाडीचाच नाही.

इथे थोडं मापांबद्दल बोलायला हवं, कारण खरा 'ओरिजिनल'चा प्रश्न तिथेच आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्याला 13 चा पाना बसतो असं वाटतं. एक-दोनदा बसतोही, पण 0.3 मिलिमीटरच्या त्या फटीत नटाचे कोपरे जातात आणि नट गोल होतो. 7/16 म्हणजे 11.1, त्याला 11 चा जात नाही आणि 12 चा फिरतो. 9/16 म्हणजे 14.3, तिथे 14 आणि 15 ची तीच रड. त्याहून जुन्या इंग्लिश गाड्यांत व्हिटवर्थ मापं. त्यांच्या पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगतच नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड अर्ध्या इंचापेक्षा मोठं असतं. एमजी टीसीसारख्या गाडीत तर इंजिनाचे आटे फ्रेंच पद्धतीचे मिलिमीटरमधले आणि नटांची डोकी व्हिटवर्थ, कारण मॉरिसने इंजिनाचा कारखाना हॉचकिसकडून घेतला होता. असल्या गाडीला चुकीचा पाना लावणं म्हणजे तिचे लचके तोडणं.

भिलाईत हे दुखणं जास्त दिसतं, असा माझा कयास आहे. 1955 चा करार सोव्हिएत संघाशी झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि यंत्रं आली ती सगळी मिलिमीटरमधली. कारखान्यातला कारागीर आयुष्यभर ज्या मापाचा पाना वापरतो तोच घरच्या गाडीलाही लावणार. मामांच्या गाडीच्या सम्पचा नट बघा, सुपारीसारखा गोल झालाय.

शौकिनांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गाडीबरोबर आलेली हत्यारं हा तिच्या इतिहासाचा भाग आहे. मालकाच्या पुस्तिकेत त्यांची यादी असते, आणि एखाद्या घरात पहिल्या दिवसापासूनची गुंडाळी शाबूत असेल तर ती जपाच. पण आपल्याकडे गाड्या चालवण्यासाठी घेतल्या जात. पाना हरवला की दुसरा आला, शेजाऱ्याने नेला तो परत आला नाही. पन्नास वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीची गुंडाळी सरमिसळ असणारच. ज्या जीपवर आमच्या फौजेचा जीव, त्या महायुद्धातल्या जीपची हत्यारंसुद्धा एका कारखान्याची नव्हती. अनेक पुरवठादारांचा माल आला आणि लढाईत वापरला गेला. आज लोक बोल्टवरचा फोर्डचा 'एफ' भिंगाने शोधतात. शोधा बापडे, पण तो नसलेल्या बोल्टवर ठोकू नका.

एनडीएत आम्ही कॅडेट एक साबण आणि एक दाढीचा ब्रश फक्त लेआउटसाठी ठेवायचो. तपासणीला चकचकीत मांडायचा, एरवी हात लावायचा नाही. परीक्षकांपुढे मांडलेली ही टूल किट त्याच जातीची. फरक इतकाच की आमच्या साबणावर कुणी खोटं नाव कोरत नव्हतं. युनिटमध्ये गाडीचं हत्यार हरवलं तर नवं मिळतं आणि ते नवं म्हणूनच वहीत चढतं. त्याला ॲसिडमध्ये बुडवून 1962 चं भासवत नाहीत. न मिळालेलं पदक छातीवर लावणाऱ्याला आपण काय म्हणतो? मग खोट्या शिक्क्याच्या पान्याला गुण का द्यायचे?

प्रदर्शनातल्या परीक्षकांना माझी एकच सूचना. गुंडाळी उघडल्यावर भिंग खिशात ठेवा आणि मालकाला सांगा, याच हत्यारांनी एक चाक आणि एक स्पार्क प्लग काढून परत बसवा. पुष्कळ रांगा तिथेच लहान होतील.

मामांनी दलालाला चहा पाजून परत पाठवला. जालंधरचा इंची मापाचा दोन तोंडी पान्यांचा सेट घेतला, त्यावर भारतीय कारखान्याचंच नाव आहे आणि ते खरं आहे. गुंडाळीत एक चिठ्ठी ठेवली, कोणता पाना कधी आणि कुठून घेतला याची. टायर पुढच्या महिन्यात. सम्पच्या त्या नटाला मात्र आता कुठलाच पाना धरत नाही, तो येत्या रविवारी पाइप पान्याने काढायचा आहे.