मुदतीचा पाहुणा

दिवाळीच्या अंकात औषधाच्या गोळ्यांची गोष्ट काढावी, हे काही शुभलक्षण नव्हे. चकली मोडता मोडता वाचणाऱ्या मंडळींनी एवढ्या एका वेळेला क्षमा करावी. पण ही गोष्ट आमच्या घरातलीच आहे, आणि मामांनीच ती सांगण्याची परवानगी दिली आहे.

मामा अणदूरचे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाच्या शेजारचे हे गाव. तिथला खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि मग काही दिवस नळदुर्गाला जाऊन राहतो. देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, याचा दोन्ही गावांत चक्क लेखी करार होतो. देव झाला तरी मुदत ठरलेली! मामा हे मोठ्या कौतुकाने सांगत. मामा शाळामास्तर, जन्मात सुपारीचे खांड तोंडात घातले नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेची शस्त्रक्रिया झाली. दुखणे जबर होते. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या आणि मामांना पहिल्यांदा शांत झोप लागली. गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. दुखणे गेले, गोळ्या राहिल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. गावातल्या दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तेव्हा मामा एस.टी.ने शहर गाठू लागले. एका दुकानात नाही तर दुसऱ्या दुकानात, काम होई.

मागच्या दिवाळीत आम्ही तिथे गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी मामा एकसारख्या जांभया देत होते. नाक वाहत होते, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायात गोळे. आम्हाला वाटले, ताप येणार. मामी मात्र मला माजघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताप न्हाई रे. गोळी संपली की असंच होतंय. घेतली की तासाभरात उठून बसतेत. तू तरी विचार की त्यांना.” देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी त्यांनी उघडून दाखवली. भंडाऱ्यात रिकामी पाकिटे खोचलेली होती.

विचारले, तेव्हा मामा कडाडले, “व्यसनमुक्तीला दारुडे जातेत. मी काय दारू पितो? डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतो मी!”

हा ‘डॉक्टरांनी दिलेलं’चा पडदा फार जाड असतो. ट्रॅमाडॉल कारखान्यात बनते, पण त्याची करणी अफूच्याच जातीची. मेंदूत ज्या ठिकाणी अफू बसते, तिथेच तेही बसते. शरीर त्याला सरावते. मग तेवढ्याच गुणाला जास्त मात्रा लागते आणि गोळी चुकली की शरीर बंड करते. त्यात माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणलेल्या पदार्थाचे नाव हेरॉइन होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्याकडे २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, ते उगीच नव्हे.

मग मी मामांना मुक्तांगणाची गोष्ट सांगितली. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभे केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे, ही त्या कामामागची धारणा. मामा ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मास्तर माणूस रे मी. गाव काय म्हणंल?” मामी तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, “गाव काय म्हणायचं ते म्हणू द्या. मला माणूस पाहिजे.”

मामा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, दहा दिवस दाखल राहिले. एकदम गोळी तोडली नाही. मात्रा पायरीपायरीने उतरवली, त्रासावर औषधे दिली. घरच्या घरी हट्टाने गोळी तोडणारे बहुतेक चौथ्या दिवशी पुन्हा दुकानाच्या पायरीवर दिसतात. आणि एक धोका वेगळाच. काही दिवस सुटल्यावर शरीराचा सराव मोडतो. तेव्हा कोणी जुनीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून जीवही जाऊ शकतो. म्हणून दवाखान्यातून सुटका म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. मामांची पंधरवड्याची फेरी अजून चालू आहे. कमरेला व्यायाम आहे, शेक आहे, आणि थोडे दुखणेही आहेच.

याचा अर्थ ही औषधे वाईट, असा कोणी घेऊ नये. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन नाकारणे हे क्रौर्यच होय. प्रश्न एवढाच विचारायचा: “डॉक्टरसाहेब, ही गोळी किती दिवस, आणि थांबवायची कशी?” आणि घरात कोणी अडकलेच असेल, तर १४४४६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

परवा मामांचा फोन आला. दात दुखत होता, डॉक्टरांनी साधी गोळी दिली होती. “तीन दिवसांचा करार केलाय,” मामा म्हणाले. “मामीनं पाकिटावर तारीख घातलीय. देवाला मुदत असती, मग गोळीला का नसावी?”

भंडाऱ्याच्या डबीत आता भंडाराच असतो. ती रोज कोण उघडून बघते, ते मामांना ठाऊक आहे. पण ते काही बोलत नाहीत.