डॉक्टर, काय काय बंद करू?

साखर वाढल्याचा रिपोर्ट हातात आला की उमरखेडपासून पुण्यापर्यंत पहिला प्रश्न हाच येतो. "काय खाऊ?" असं विचारणारे फार थोडे. माझ्या मते अन्नाशी आपलं बिनसतं ते इथूनच.

मग भात बंद, केळी बंद, गोड बंद. चार दिवस निभतं. पाचव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत बुंदी येते. आता मोडलंच आहे तर, म्हणून तुम्ही दोनदा वाढून घेता आणि रात्री शिक्षा म्हणून जेवत नाही. ज्या पदार्थावर कायमची बंदी, तोच डोक्यात घोळतो; उपाशी पोटी तर जास्तच.

ही शिक्षा कधी कधी जिवावर बेतते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. गोळी घेऊन जेवण टाळलं की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, बोलणं असंबद्ध. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर गोळीचं वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि उपास म्हणजे हलकं हा समज सोडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत थोडी प्रथिनं असतात ती शेंगदाण्याची.

दुसरं टोक म्हणजे एखाद्या पदार्थाला देव करणं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या निमित्ताने ज्वारीला मान मिळाला, बरंच झालं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपल्याकडचं ताट उत्तमच आहे. पण "भाकरीने साखर वाढत नाही" हे खरं नाही. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. चार भाकऱ्या आणि बोटभर ठेचा, किंवा दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि भरपूर भाजी, यातला फरक मोठा आहे. (आणि "ज्वारीची बिस्किटं" घेताना पुड्यामागचे बारीक अक्षरातले घटक वाचा. मैदा आणि साखर बहुतेक वेळा तिथेच सापडतात.)

घरातल्या बाईचं मात्र वेगळंच. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, म्हणजे वरण संपलेलं आणि भाकरी उरलेली. तिचं पथ्य सांगायचं तर आधी तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढायला हवं. हे तिला एकटीला सांगून होत नाही, म्हणून घरच्यांना सांगतोय.

घरात ग्लुकोमीटर असेल तर घाबरण्याऐवजी कुतूहलाने वापरा. एक दिवस नेहमीसारखं जेवा. दुसऱ्या दिवशी भाकरी तेवढीच घ्या, पण वरण-भाजी आधी खा. दोन्ही दिवशी पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी तपासा आणि आकडे वहीत लिहा. पुढच्या वेळी येताना वही घेऊन या. मग काय बंद करायचं ते नाही, किती आणि कशासोबत खायचं ते आपण बोलू.